गुणतक्त्यावर चालणाऱ्या पोकर लीगमध्ये खेळ कसा बदलावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात दहा जणांनी मिळून टेक्सस होल्डेमची (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते आणि टेबलावर सर्वांसाठी पाच, असा पोकरचा प्रकार) लीग सुरू केली आहे. महिन्याला एक फेरी, वर्षाला बारा फेऱ्या, पैशांचा व्यवहार अजिबात नाही. जो सर्वांत आधी बाद होतो त्याला १ गुण, त्याच्यानंतर बाद होणाऱ्याला २, असे करत विजेत्याला १० गुण मिळतात, आणि वर्षाअखेरीस प्रत्येकाच्या उत्तम आठ फेऱ्यांची बेरीज धरली जाते. प्रत्येकाला सुरुवातीला ५,००० चिप्स मिळतात, ब्लाइंड (प्रत्येक हाताआधी दोघांनी आळीपाळीने घालायच्या सक्तीच्या चिप्स, लहान तो स्मॉल आणि मोठा तो बिग ब्लाइंड) २५-५० पासून सुरू होतात आणि दर पंधरा मिनिटांनी वाढतात. प्रश्नकर्ते पुण्यात नोकरीला असताना ऑनलाइन टूर्नामेंट खेळून हा खेळ शिकले. पहिल्या तीन फेऱ्यांत ते एकदा पहिले, एकदा नववे आणि एकदा दहावे आले, म्हणजे त्यांचे १३ गुण झाले. त्याच टेबलावरचे एक काका, जे त्यांच्या शब्दांत ‘रात्रभर पॅक करत बसतात’ (म्हणजे पत्ते टाकून हात सोडून देतात), पाचवे, सहावे आणि पुन्हा पाचवे येऊन १७ गुणांवर आहेत. ‘माझा खेळ चुकतो आहे की तक्ताच चुकीचा आहे?’ असे त्यांनी विचारले आहे.

तक्ता चुकीचा नाही, तो वेगळा आहे, आणि काका त्या तक्त्याला साजेसा खेळ करत आहेत, मग ते समजून करत असोत वा स्वभावानुसार. ऑनलाइन मोठ्या टूर्नामेंटमध्ये बहुतेक खेळाडूंना काहीच मिळत नाही आणि बक्षिसाचा मोठा भाग पहिल्या काही जागांवर असतो. तिथे विसावे आणि दोनशेवे यांत फारसा फरक नसतो, म्हणून लवकर चिप्स दुप्पट करण्यासाठी धोका पत्करणे परवडते. तुमच्या लीगमध्ये मात्र दहाव्यापासून नवव्या जागेवर जाण्याची किंमत आणि दुसऱ्यापासून पहिल्या जागेवर जाण्याची किंमत अगदी सारखी, म्हणजे एकच गुण आहे. टेबलावरून कोणीही उठला की उरलेल्या प्रत्येकाच्या खात्यात आपोआप एक गुण जमा होतो. दुसऱ्या दोघांनी एकमेकांवर ऑल-इन केले (सगळ्या चिप्स पणाला लावल्या) आणि त्यातला एक बाद झाला, तर तुम्ही पत्ते न उघडताही त्या हातात कमावलेले असते.

हे आकड्यांत मांडता येते. १९७३ मध्ये डेव्हिड हार्विल यांनी घोड्यांच्या शर्यतीत कोण कितवा येईल याच्या शक्यता काढण्याची एक पद्धत मांडली होती. पुढे १९८०च्या दशकात मेसन मालमुथ यांनी तोच विचार पोकरच्या चिप्सना लावला. पोकरवाले तिला आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणतात. तिच्यात प्रत्येकाची पहिले येण्याची शक्यता त्याच्याकडच्या चिप्सच्या प्रमाणात धरतात आणि तिथून पुढच्या जागांच्या शक्यता काढतात. सामान्य बक्षीस रचनेत हा हिशेब किचकट होतो, पण एकेका गुणाच्या सरळ तक्त्यात तो इतका सोपा होतो की कागदावर करता यावा. माझ्याकडे अ चिप्स आणि समोरच्याकडे ब चिप्स असतील, तर मी त्याच्या आधी बाद न होण्याची शक्यता अ भागिले अ अधिक ब इतकी येते. टेबलावरच्या प्रत्येक खेळाडूसाठी हा अपूर्णांक काढायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि त्यात तुमचा आतापर्यंत पक्का झालेला गुण मिळवायचा. जे उत्तर येईल तेवढे तुमचे त्या क्षणीचे अपेक्षित गुण.

पहिल्याच हाताचे उदाहरण घ्या. दहा जण समान चिप्सवर आहेत, म्हणजे तुमचा हिशेब १ अधिक नऊ वेळा अर्धा, एकूण ५.५ होतो. आता कोणी तुमच्यावर ऑल-इन केले आणि तुम्ही कॉल करून (तेवढ्याच चिप्स पुढे करून) जिंकलात, तर तुमच्या चिप्स दुप्पट होतात आणि तो बाद होतो. २ गुण पक्के झाले, उरलेल्या आठ जणांच्या प्रत्येकासमोर दोन-तृतीयांश, म्हणून एकूण ७.३३. हरलात तर १. यावरून कॉल परवडण्यासाठी किमान किती टक्के वेळा जिंकले पाहिजे ते काढले, तर उत्तर ७१ टक्के येते. यालाच पुढे मी सीमा म्हणतो. चिप्स दुप्पट झाल्या, पण अपेक्षित गुण दीडपटही झाले नाहीत, हे त्यामागचे कारण आहे.

हाच हात दुसऱ्या तक्त्यांवर तपासून पाहा. फक्त विजेत्यालाच सर्व काही मिळत असेल तर ५० टक्के पुरतात. पहिल्या तिघांना ५०-३०-२० अशा प्रमाणात वाटप असेल, तर सुमारे ५४ टक्के लागतात. काही लीगमध्ये खेळाडूंच्या संख्येला क्रमांकाने भागून त्याचे वर्गमूळ काढतात आणि त्याला दहाने गुणतात. त्या तक्त्यात दहा जणांत पहिल्याला सुमारे ३१.६, दुसऱ्याला २२.४, पाचव्याला १४.१ आणि दहाव्याला १० गुण पडतात, आणि आपल्या हाताची सीमा सुमारे ६२ टक्क्यांवर येते. तुमचा तक्ता या सर्वांत कडक आहे. प्रश्नकर्ते ५४ टक्क्यांच्या सवयीने ७१ टक्क्यांच्या टेबलावर बसतात आणि नववे-दहावे येतात, यात नवल काही नाही.

आता ७१ टक्के म्हणजे प्रत्यक्ष पत्त्यांत काय? राण्यांची जोडी आणि समोर एक्का-राजा हा सामना राण्यांच्या बाजूने जेमतेम ५४ ते ५७ टक्के असतो. तुमच्या टेबलावर पहिल्या तासात तो दोघांपैकी कोणालाही परवडत नाही. राजांची जोडी असताना समोर एक्का-राजा निघाला तर राजे साधारण ७० टक्के जिंकतात, म्हणजे तेसुद्धा सीमेच्या किंचित खालीच. कुठल्याही लहान जोडीसमोर मात्र मोठी जोडी ८० टक्क्यांच्या पुढे असते. म्हणून सुरुवातीच्या पातळ्यांवर, सर्वस्व पणाला लावणारा कॉल मी एक्के आणि राजे यांच्यापुरता ठेवतो. राण्या घेऊन कॉल करायचा तर समोरचा माणूस पाहून करतो. जो हातात एक्का दिसताच खालच्या पानाकडे न पाहता सगळ्या चिप्स पुढे सरकवतो, त्याच्यासमोर राण्या सुमारे ७० टक्के असतात. जो महिनाभरात एकदाच ऑल-इन करतो, त्याच्यासमोर त्या पॅक करताना मला काही वाटत नाही. एक्का-राजा घेऊन तर मी सुरुवातीला स्वतः रेझ करतो (बेट वाढवतो), पण दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करत नाही.

इथे एक फरक नीट धरून ठेवला पाहिजे, कारण त्यावर बाकीचा सगळा खेळ उभा आहे. ऑल-इन करणे आणि ऑल-इनला कॉल करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करणाऱ्याला जिंकण्याचे दोन मार्ग असतात, समोरचा पॅक करेल किंवा पत्ते सरस ठरतील. कॉल करणाऱ्याला एकच. सरळ तक्त्यात कॉल इतका महाग होतो, की ज्याला हा हिशेब कळतो तो खेळाडू दबावाखाली पॅक करतोच.

मध्यावरचा एक हात सविस्तर पाहू. सहा जण उरले आहेत, ब्लाइंड ४००-८००. सर्वांना मिळून ५०,००० चिप्स आहेत. तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये, तुमच्याकडे ब्लाइंड धरून ६,४००. स्मॉल ब्लाइंडमधल्याकडेही ६,४००. बाकी चौघांकडे प्रत्येकी ९,३००. सगळे पॅक करतात आणि स्मॉल ब्लाइंड ऑल-इन करतो. नुसत्या चिप्सचा विचार केला तर तुम्हाला ५,६०० घालून १२,८००चा पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) जिंकायचा आहे, म्हणून ४४ टक्के पुरतात. समोरचा न पाहता कुठलेही दोन पत्ते घेऊन ऑल-इन करत असेल, तर गुलाम-पंजासुद्धा कॉल होईल. आता गुणांचा हिशेब करा. पॅक केल्यास तुमच्याकडे ५,६०० उरतात, त्याच्याकडे ७,२०० होतात, आणि तुमचे अपेक्षित गुण सुमारे ७ राहतात. कॉल करून जिंकल्यास ते ८.३ च्या वर जातात, हरल्यास सहावा क्रमांक म्हणजे ५ गुण. सीमा निघते ५९ टक्के. त्याच बेफाम खेळाडूसमोरसुद्धा आता एक्का-अठ्ठी किंवा पंजांची जोडी यांच्या आसपास कॉल सुरू होतो, आणि तो जरा निवडून खेळणारा असेल तर सीमा आणखी बरीच वर सरकते. खुर्ची बदलून पाहिली तर स्मॉल ब्लाइंडमध्ये बसलेल्याला हा हात किती फायद्याचा आहे हे लक्षात येईल.

मात्र यात एक मोठी अडचण आहे, आणि ती सोलापूरची म्हणा किंवा आपल्याकडच्या कुठल्याही घरगुती टेबलाची म्हणा. दबाव त्यालाच देता येतो जो पॅक करायला तयार आहे. आपल्या टेबलावरची निम्मी माणसे तीन पत्तीवर वाढलेली असतात. दिवाळीत आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत रात्र रात्र ‘शो’पर्यंत जाण्याची त्यांना सवय असते, आणि महिन्यातून एकदा घरच्यांची परवानगी काढून आलेला माणूस पत्ते पाहिल्याशिवाय उठायला राजी नसतो. अशा माणसासमोर तुमचे पुस्तकी ब्लफ वाया जातात. त्याच्यासमोर उलटे करा: ब्लफ जवळजवळ बंद ठेवा आणि चांगला हात आला की पॉटच्या तीन-चतुर्थांश, कधी पूर्ण पॉटएवढी बेट लावा, कारण तो दुसऱ्या जोडीवरसुद्धा कॉल करणार आहे. ब्लाइंड चोरायचे असतील तर काकांसारख्या पॅक करणाऱ्यांचे चोरा. कोणाच्या डाव्या-उजव्या हाताला बसलो आहोत याला या लीगमध्ये पत्त्यांइतकेच महत्त्व आहे: पॅक करणारा तुमच्या डावीकडे असेल तर स्मॉल ब्लाइंड आणि बटण (स्मॉल ब्लाइंडच्या लगत उजवीकडची, पत्ते वाटणाऱ्याची जागा) या दोन्ही जागांवरून तुमची कमाई ठरलेली.

काकांचे रहस्यही सांगून टाकतो, कारण ते तुमच्या वेळापत्रकात दडलेले आहे. घरी आपापले पत्ते वाटणाऱ्या दहा जणांच्या टेबलावर पंधरा मिनिटांत सहा-सात हातच होतात. एक पूर्ण फेरा व्हायला दहा हात लागतात, म्हणजे एका पातळीत प्रत्येकावर ब्लाइंडची पाळी पूर्ण एकदाही येत नाही. पातळ्या २५-५०, ५०-१००, १००-२००, १५०-३००, २००-४००, ३००-६०० अशा धरल्या आणि माणसे हळूहळू कमी होत गेली, तर पहिल्या दीड तासात एकही हात न खेळणाऱ्याचे सुमारे २,००० चिप्स जातात. त्याच्याकडे ३,००० उरतात. तोपर्यंत तीन जण बाद झाले असतील, तर ४ गुण त्याच्या खिशात पक्के आहेत, आणि वरचे सूत्र लावल्यास त्याचे अपेक्षित गुण ५.६ च्या पुढे निघतात. म्हणजे दीड तास चहा पीत बसलेला माणूस सरासरीपेक्षा, म्हणजे ५.५ पेक्षा, कणभर वरच आहे. बाकीचे एकमेकांना बाद करण्याची घाई करत असतात, त्या घाईचे भाडे तो वसूल करतो.

यावरून तुम्हीही काका व्हावे असा अर्थ काढू नका. त्यांच्या पद्धतीला छत आहे. तीन हजार चिप्स म्हणजे ३००-६०० वर फक्त पाच बिग ब्लाइंड. तिथून विजय क्वचितच मिळतो, आणि पाचवे-सहावे येत राहून आठ फेऱ्यांची बेरीज पन्नासच्या वर फारशी सरकत नाही. शिवाय आयसीएमचा हिशेब सर्वांना समान कुशल धरतो आणि पुढच्या ब्लाइंडची वाढ विचारात घेत नाही. तुम्ही टेबलावरच्या सरासरीपेक्षा बरे खेळत असाल, तर सुरुवातीचे मोठे धोके टाळण्याला आणखी एक कारण आहे, कारण पुढे तुम्हाला यापेक्षा चांगल्या संधी मिळणार आहेत. पण ब्लाइंड वाढून तुमच्याकडे आठ-दहा बिग ब्लाइंड उरले, की वाट पाहण्याची किंमत झपाट्याने वाढते आणि तिथे काकांसारखे बसून राहणे नुकसानीचे होते. त्या टप्प्यावर, आधी कोणी आत आलेले नसेल तर, बटण आणि स्मॉल ब्लाइंडवरून कुठलीही जोडी, कुठलाही एक्का आणि बहुतेक चित्रांचे पत्ते घेऊन स्वतः ऑल-इन करावे. कॉल मात्र मोजूनमापूनच.

सुरुवातीला, सर्वस्व न लावता चिप्स कशा वाढवायच्या, हा त्याच्यापुढचा प्रश्न. लहान पॉट, चांगली जागा आणि स्वस्तात पाहिलेले फ्लॉप (टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते), एवढीच त्याची सामग्री आहे. हातात लहान जोडी असेल तर फ्लॉपवर तीन सारखे लागण्याची शक्यता ११.८ टक्के, म्हणजे साधारण साडेआठ वेळांत एकदा. पहिल्या दोन पातळ्यांवर ५० किंवा १०० चिप्स घालून असा फ्लॉप पाहणे योग्य आहे, कारण लागला तर शोपर्यंत येणारा गिऱ्हाईक समोर बसलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या पातळीनंतर हाच कॉल महाग पडतो. फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) होण्यासाठी एका पत्त्याची गरज असेल, तर फ्लॉपनंतर दोन पत्ते येईपर्यंत तो सुमारे ३५ टक्के वेळा पूर्ण होतो. सरळ तक्त्यात तेवढ्यावर सगळ्या चिप्स घालणे म्हणजे स्वतःहून बाहेरचा दरवाजा उघडणे होय.

कोण कोणाला बाद करू शकतो, याचा विचार प्रत्येक मोठ्या पॉटमध्ये करा. तुमच्याकडे ९,००० आहेत आणि ऑल-इन करणाऱ्याकडे २,०००, तर हरूनही तुम्ही खेळात असता, आणि ७१ टक्क्यांची कडक सीमा इथे लागू नाही. पॉटमधले ब्लाइंड धरले तर पन्नाशीच्या आसपासचा हातही चालतो. तेच उलट बाजूने, ज्याच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त चिप्स आहेत त्याच्याशी मध्यम हात घेऊन भिडू नका. टेबलावर सर्वांत जास्त चिप्स असलेले दोघे एकमेकांशी भिडले की बाकी सगळे मनातल्या मनात टाळ्या वाजवत असतात.

काही लीग प्रत्येक नॉकआउटसाठी, म्हणजे दुसऱ्याला बाद केल्याबद्दल, एक जादा गुण देतात. तुमच्या लीगमध्ये ती सूचना चर्चेत आहे असे तुम्ही लिहिले आहे. ती आली तर पहिल्या हाताची सीमा ७१ वरून सुमारे ६१ टक्क्यांवर येईल, यात पुढच्या नॉकआउटचा हिशेब धरलेला नाही. खेळ मोकळा होईल आणि काकांची पद्धत थोडी मागे पडेल. पण हा गुण ज्याच्याकडे समोरच्याएवढ्या किंवा त्याहून जास्त चिप्स आहेत त्यालाच मिळू शकतो, म्हणून नॉकआउट असलेल्या लीगमध्ये सुरुवातीलाच थोडे पुढे असण्याला वेगळी किंमत येते. माझे मत विचाराल तर नवशिक्यांच्या लीगला नॉकआउटपेक्षा वर्गमूळाचा तक्ता बरा. त्यात शेवटपर्यंत टिकण्याला मान राहतो आणि जिंकण्यालाही चव राहते.

आता तुमच्या नियमांतली ज्या गोष्टीकडे प्रश्नात फारसे लक्ष गेलेले दिसत नाही तिच्याकडे येतो: बारापैकी उत्तम आठ फेऱ्या. वर दिलेली ७१ टक्क्यांची सीमा प्रत्येक फेरी मोजली जाते असे धरून आहे. चार फेऱ्या सोडून देता येत असतील, तर वाईट रात्रीची किंमत कमी होते. तुमच्या आठ फेऱ्या भरल्या, की नव्या फेरीतला तोच गुण कामाचा जो तुमच्या त्या आठांतल्या सर्वांत कमी गुणापेक्षा जास्त आहे. समजा तो सर्वांत कमी गुण ३ आहे. म्हणजे आता आठवे, नववे, दहावे येणे सारखेच निरुपयोगी, आणि पहिल्या हाताची सीमा ६४ टक्क्यांवर येते. तो गुण ६ असेल, तर पाचव्या जागेपर्यंत काहीच मिळत नाही, फक्त पहिल्या चार जागांचा उपयोग होतो, आणि सीमा ५६ टक्क्यांवर उतरते. म्हणजे तक्ता तोच, माणसे तीच, पण फेब्रुवारीत जो कॉल मूर्खपणाचा होता तो नोव्हेंबरमध्ये योग्य ठरतो. तुम्ही आधी ऑनलाइनची जी शैली शिकलात ती टाकून देऊ नका. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत ती कामाला येणार आहे.

याला एक अट आहे. सोडून द्यायच्या चार फेऱ्या गैरहजेरीतही खर्च होतात. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा, एप्रिल-मे महिन्यांत लग्नसराई, एखाद्या शनिवारी मुंबईला निघालेली सिद्धेश्वर एक्स्प्रेस. असे करत ज्याच्या चार फेऱ्या हुकल्या, त्याच्यासाठी उरलेली प्रत्येक फेरी पूर्ण भावाने मोजली जाते आणि त्याने ७१ टक्क्यांच्या कडक शिस्तीनेच खेळले पाहिजे. म्हणून एक वही ठेवा. स्वतःच्याच नव्हे, प्रत्येकाच्या किती फेऱ्या झाल्या, सर्वांत कमी मोजला जाणारा गुण कोणता आणि किती सुट्ट्या शिल्लक आहेत, हे फेरीला निघण्यापूर्वी पाहून जा. ज्याच्या खात्यात वाईट रात्रीला जागा आहे तो हलका होऊन खेळेल, हे तुम्हाला त्याच्या पहिल्या ऑल-इनच्या आधीच माहीत असेल.

तीन फेऱ्यांवरून शैली बदलण्याआधी नशिबाचाही अंदाज घ्या. दहा अगदी समान कुशल खेळाडूंत एका फेरीतल्या गुणांचे प्रमाण विचलन (सरासरीपासून होणारा नेहमीचा चढउतार) सुमारे २.९ असते. सर्व बारा फेऱ्या मोजल्या तर प्रत्येकाची सरासरी बेरीज ६६ येते आणि ती सहज दहाने इकडेतिकडे होते. दहा जणांत पहिला आणि शेवटचा यांत तीस गुणांचे अंतर केवळ पत्त्यांच्या कृपेने पडू शकते. तुमच्या आणि काकांच्या १३-१७ या फरकाला तीन फेऱ्यांत काहीच वजन नाही. वजन आहे ते तुम्ही दोन वेळा कोणत्या हातावर बाद झालात याला. तुम्ही लिहिलेला एक हात एक्का-राणी घेऊन दुसऱ्या पातळीवर कॉल केलेल्या ऑल-इनचा आहे. समोर नऊंची जोडी होती. तो सामना तुमच्या बाजूने ४५ टक्क्यांच्या आसपास होता. तो हात तुम्ही जिंकला असता तरी कॉल चूकच होता.

शेवटच्या एक-दोन फेऱ्यांत हिशेब पुन्हा बदलतो, कारण तेव्हा किती गुण मिळाले यापेक्षा कोणाच्या तुलनेत मिळाले हे महत्त्वाचे होते. आयपीएलच्या शेवटच्या साखळी सामन्यात संघ जसा दुसऱ्या मैदानावरच्या धावफलकाकडे डोळा ठेवून खेळतो तसे. समजा शेवटची फेरी दोघांच्याही बेरजेत पूर्ण धरली जाणार आहे आणि तुम्ही प्रतिस्पर्ध्यापेक्षा तीन गुणांनी पुढे आहात. तुम्ही दोघे धरून चौघे उरले, की तो तुम्हाला जास्तीत जास्त बरोबरीत गाठू शकतो. तिघे उरले, की वर्षाचा निकाल लागलेला आहे. तिथपर्यंत पोहोचण्यासाठी तुम्ही त्याच्या ऑल-इनला जवळजवळ कशावरही कॉल करू नये, आणि तुमच्याकडे जास्त चिप्स असतील तर त्याच्या ब्लाइंडवर मात्र सतत दबाव ठेवावा. मागे असलेल्याने उलट करावे: आघाडीवरच्या माणसाशी जिथे जिथे सामना होईल तिथे पॉट मोठा करावा, कारण त्याला धक्का बसल्याशिवाय तुमच्या तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा काही उपयोग नाही.

इथेच भांडणेही होतात. एक जण ऑल-इन आहे, उरलेले दोघे मित्र आहेत, आणि त्यातला एक दुसऱ्याला म्हणतो, ‘आपण दोघे चेक करत जाऊ (म्हणजे बेट न लावता पुढे जाऊ), याला काढू.’ सरळ तक्त्यात दोघांनाही त्यातून एक गुण मिळणार असतो म्हणून मोह मोठा असतो. प्रत्येकाने मनात ठरवून चेक केले तर तो खेळाचा भाग आहे; तोंडाने ठरवून केले तर ती संगनमताची खेळी आहे आणि तिला शिक्षा असली पाहिजे. तसेच वर्षाच्या शेवटी स्वतःला काही आशा नसलेल्याने मित्राला चिप्स ‘सोडणे’ हेही. पैसे नसले तरी या गोष्टींनी लीग मोडतात. पैशांचा विषय निघालाच आहे तर, तो बाहेरच ठेवा. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आहे. चहा-नाश्त्याची वर्गणीसुद्धा चिप्सशी किंवा क्रमांकाशी जोडू नका.

आयोजकांकडून पुढच्या फेरीआधी दोन नियम लेखी घ्या, कारण सरळ तक्त्यात दोन्ही थेट गुणांवर येतात. वेळ संपली म्हणून खेळ थांबवला तर उरलेल्यांचे क्रमांक चिप्स मोजून लावणार का, हा पहिला. तसे असेल तर शेवटच्या दहा मिनिटांत तुमच्या लगतच्या वरच्या आणि खालच्या खेळाडूच्या चिप्सवर नजर ठेवून खेळावे लागते, आणि शंभर चिप्सचा ब्लाइंड चोरूनही एक गुण मिळू शकतो. दुसरा, एकाच हातात दोघे बाद झाले तर काय. रूढ पद्धत अशी, की हात सुरू होताना ज्याच्याकडे जास्त चिप्स होत्या तो वरच्या क्रमांकावर. दोघांच्या चिप्स अगदी सारख्या असतील, तर दोन जागांचे गुण मिळवून अर्धे-अर्धे वाटावेत. त्यासाठी ऑल-इन झाल्यावर पत्ते उघडण्याआधी चिप्स मोजण्याची सवय टेबलाला लावावी लागेल, कारण ढिगारे एकत्र झाल्यावर कोणाचे किती होते हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही.